दहा किलोचा पाइप

आमच्याकडे पीव्हीसी पाइप किलोत मागतात. हे किलो वजनाचे नव्हेत, दाबाचे. दर चौरस सेंटिमीटरवर किती किलो भार पाइप सोसेल, त्यावरून चार किलो, सहा किलो, दहा किलो अशी त्याची प्रत ठरते. शेतकऱ्याला आणि प्लंबरला ही भाषा पाठ असते. मलाही ती पाठ होती, आणि तिथेच माझी चूक झाली.

कोल्हापुरात घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये माझी छोटी कार्यशाळा आहे. तिथे दोन अश्वशक्तीचा, शंभर लिटर टाकीचा काँप्रेसर आहे. आठ किलोला तो आपोआप बंद होतो. लाकडाचा भुसा उडवणे, जुन्या यंत्रांना फवाऱ्याने रंग देणे, असली माझी कामे. संध्याकाळी गल्लीतली पोरे सायकलच्या चाकात हवा भरायला येत, त्यांच्यासाठी दाराजवळ एक कॉक ठेवला होता. काँप्रेसरपासून तिथपर्यंत मी स्वतःच दहा किलोचा पीव्हीसी पाइप भिंतीलगत नेला. आठपेक्षा दहा मोठे, हिशेब संपला.

दोन वर्षे सारे सुरळीत चालले. जानेवारीतल्या एका रात्री मी बटण बंद करून झोपायला गेलो. टाकी भरलेली होती. साडेअकराच्या सुमारास बॉम्ब फुटल्यासारखा आवाज झाला. शेडमध्ये जाऊन पाहिले तर दाराजवळचा हातभर पाइप नाहीसा झाला होता. त्याचे धारदार तुकडे समोरच्या लाकडी फळीत रुतले होते. त्या फळीची उंची दहा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांइतकी होती. हेच संध्याकाळी साडेसहाला घडले असते तर, हा विचार अजून मनातून जात नाही.

मग मी या विषयाच्या मागे लागलो. पहिली गोष्ट कळली ती अशी की पाइपावरचा आकडा खोटा नव्हता, मी त्याला प्रश्नच चुकीचा विचारला होता. आय.एस. ४९८५ हे भारतीय मानक पिण्याच्या पाण्याच्या पीव्हीसी पाइपांचे आहे. त्यातला दाब पाण्यासाठी आणि २७ अंश सेल्सिअस तापमानासाठी सांगितलेला आहे. काँप्रेसरमधून निघणारी हवा याहून कितीतरी गरम असते, आणि पीव्हीसी तापले की त्याची ताकद घटते. थंडीत, उन्हाने आणि वयाने ते ठिसूळ होते.

पण खरा फरक हवा आणि पाणी यांतला आहे. पाणी जवळजवळ दबत नाही. पाण्याचा पाइप तडकला की एक चिळकांडी उडते आणि दाब तिथेच संपतो. हवा मात्र स्प्रिंगसारखी दबते. आठ किलोला बाहेरची नऊ लिटर हवा एका लिटरच्या जागेत कोंबलेली असते. पाच लिटर पोकळी असलेल्या पाइपात आठ किलोचे पाणी भरले, तर त्या पाण्यात साठलेली ऊर्जा एक जूलच्याही आत भरते. तेवढ्याच दाबाच्या हवेत ती सुमारे पावणेसहा हजार जूल असते. एवढ्या ऊर्जेत सिमेंटची ५० किलोची गोणी चार मजले वर जाईल. शिवाय मागे भरलेली टाकी असते, ती वेगळीच.

म्हणून हवेचा पाइप निवडताना तो किती सोसतो एवढेच विचारून भागत नाही. तो फुटतो कसा, हे आधी विचारायचे. लोखंड, तांबे, ॲल्युमिनियम फाटतात, चिरतात. हवा फुसकन निघून जाते. पीव्हीसीचे तुकडे उडतात. अमेरिकेतल्या ‘ओशा’ या कामगार सुरक्षा यंत्रणेने १९८८ सालीच जमिनीवरच्या दाबाच्या हवेसाठी उघडा पीव्हीसी पाइप वापरण्याच्या धोक्याबद्दल पत्रक काढले होते. सीपीव्हीसीलाही हीच शंका लागू आहे.

हवा नळीतून लांब नेण्याचा उद्योग तसा जुना आहे. फ्रान्स आणि इटली यांना जोडणारा आल्प्समधला माँ सनी बोगदा १८५७ ते १८७१ या काळात खणला गेला. तिथे जर्मेन सोमेये या अभियंत्याने १८६१पासून दाबाच्या हवेवर चालणारी छिद्रणयंत्रे वापरली. बाहेर पाण्याच्या शक्तीवर हवा दाबायची आणि नळांतून डोंगराच्या पोटात न्यायची, अशी ती योजना होती. तेव्हा हवा नेणारा नळ धातूचाच होता.

आज आपल्यापुढे चार वाटा आहेत. जीआय पाइप सर्वांत ओळखीचा. निळ्या पट्टीचा बी क्लास घरच्या कामाला पुरतो. आटे पाडून घ्यावे लागतात, सांध्यांना सूत-सफेदा किंवा टेफ्लॉन लागते आणि कालांतराने आतून गंज येतो. तांबे गंजत नाही, डाख चांगला बसला तर गळत नाही, पण महाग. ॲल्युमिनियमचे तयार जोडसंच सर्वांत सोपे, हलके आणि खर्चिक. चौथी वाट म्हणजे आत-बाहेर प्लास्टिक आणि मध्ये ॲल्युमिनियमचा थर असलेला पाइप. दाबाच्या हवेसाठी असल्याचे उत्पादकाने स्पष्ट लिहिले असेल तरच तो घ्यावा. जाडीत कंजुषी नको. तेवढीच हवा वाहत असेल, तर व्यास दुप्पट केल्यावर घर्षणाने होणारी दाबाची घट सुमारे बत्तिसाव्या हिश्शावर येते. घरच्या शेडला पाऊण इंच ठीक.

पाइपाचा दुसरा शत्रू पाणी. ३० अंशांच्या दमट पावसाळी हवेत घनमीटरमागे सुमारे २४ ग्रॅम वाफ असते. अशी नऊ घनमीटर हवा एकात दाबून थंड केली की जवळजवळ पावशेर पाणी सुटते. ते रंगात उतरते आणि लोखंड खाते. म्हणून मुख्य पाइपाला मीटरमागे एक सेंटिमीटर उतार द्यावा, प्रत्येक फाटा वरच्या अंगाने काढून मग खाली आणावा आणि सर्वांत खालच्या टोकाला पाणी सोडायचा कॉक ठेवावा. पाणी गाळणारा फिल्टर काँप्रेसरला चिकटून नको. हवा धातूच्या पाइपातून फिरून निवली की मगच तो उपयोगी पडतो. काँप्रेसर थरथरतो, त्यामुळे त्याच्या आणि पाइपाच्या मध्ये उष्णता सोसणारा लवचीक होज हवा.

माझ्या शेडमध्ये आता जीआय आहे. टाकीच्या तोंडाशी बॉल व्हॉल्व्ह बसवला आहे. काम संपले की तो बंद करतो, पाइपातली हवा सोडतो, टाकीतले पाणी काढतो. दोन मिनिटे जातात. पोरे अजून येतात, आणि दाराजवळचा कॉक तिथेच आहे.