नायक कोण, हे ठरवायचं कुणी?

अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात २६ जानेवारी २०१४ च्या रात्री रॉयल रंबल रंगात आली होती. या लढतीत तीस मल्ल ठरावीक अंतराने एकेक करून रिंगणात उतरतात. दोरावरून बाहेर फेकला जाऊन ज्याचे दोन्ही पाय जमिनीला लागले तो बाद, आणि शेवटी जो उरतो त्याला रेसलमेनिया या वर्षातल्या सगळ्यांत मोठ्या कार्यक्रमात जगज्जेतेपदासाठी लढायला मिळतं. एकोणतीस जण येऊन गेले होते. तिसाव्यासाठी उलटी मोजणी सुरू झाली, भोंगा वाजला आणि मुखवटाधारी रे मिस्टीरियो धावत आला. मिस्टीरियो म्हणजे लहानथोरांचा लाडका. त्या रात्री मात्र भरल्या सभागृहाने त्याची हुर्यो उडवली. त्याचा गुन्हा इतकाच, की तो डॅनियल ब्रायन नव्हता. पुढे बतिस्ता जिंकला. चार वर्षांनी परतलेला, या लढती भरवणाऱ्या कंपनीने नायक म्हणून उभा केलेला धिप्पाड बतिस्ता विजयाच्या खुणा करत होता आणि लोक त्याला शिव्या घालत होते.

व्यावसायिक रेसलिंगवर मनापासून प्रेम करणाऱ्या माणसाला विचारा, तो या रात्रीबद्दल अजूनही तावातावाने बोलेल. कारण या खेळातला मूळ वाद त्या रात्री उघड्यावर आला. लढतीचा निकाल आधी ठरलेला असतो, संवाद लिहिलेले असतात, मग नायक कोण हेही लिहिणाऱ्यानेच ठरवायचं का? माझं उत्तर स्पष्ट आहे. नायक प्रेक्षक निवडतो. लिहिणाऱ्याचं काम त्या नायकाच्या वाटेत काय काय येईल ते रचण्याचं.

मराठी घरात हा विषय निघाला की आधी दुसराच प्रश्न येतो : ‘ते सगळं खोटं असतं ना?’ लाल मातीतली निकाली कुस्ती पाहिलेल्या आणि नुरा कुस्ती म्हटलं की कपाळाला आठ्या पडणाऱ्या माणसाने तो विचारावा, यात नवल नाही. दारासिंग आणि किंगकाँग यांच्या लढतींच्या काळातही तो विचारला जात होता. नव्वदच्या दशकात केबल आली, अंडरटेकर घरात शिरला, मुलं मल्लांची उंची-वजनं छापलेली ट्रम्प कार्डं जमवू लागली, तेव्हाही मोठी माणसं तेच विचारत होती. त्या प्रश्नाचं उत्तर कंपनीने स्वतःच १९८९ मध्ये न्यू जर्सीच्या विधिमंडळापुढे दिलेलं आहे : ही क्रीडास्पर्धा नसून करमणूक आहे. क्रीडास्पर्धांवरची सरकारी देखरेख आणि कर टाळण्यासाठी दिलेली ती कबुली होती. म्हणजे पस्तीस वर्षांहून अधिक काळ हे उघड गुपित आहे, आणि तरीही लोक रडतात, ओरडतात, रात्र रात्र भांडतात. नाटकातला खून खोटा असतो हे ठाऊक असूनही आपण ज्या ओढीने नाटक बघतो, तीच ही ओढ. फरक असा, की इथला प्रेक्षक पात्र बदलायला लावू शकतो.

कुणी कुणाशी लढायचं, कोण जिंकणार, कोण कधी उलटणार, हे ठरवण्याला ‘बुकिंग’ म्हणतात. नायक म्हणजे ‘फेस’, खलनायक म्हणजे ‘हील’, आणि एकाचा दुसरा होणं म्हणजे ‘टर्न’. एखाद्याला सतत जिंकवून वर चढवणं हा ‘पुश’. खलनायकाला पडणाऱ्या शिव्या म्हणजे ‘हीट’, आणि ती हवीच असते. पण तिचा एक वाईट प्रकार आहे. त्यात लोक पात्रावर चिडलेले नसतात, त्या माणसाला आपल्यापुढे उभं करणाऱ्यावर चिडलेले असतात. पिट्सबर्गला बतिस्ताला मिळाली ती ही दुसरी.

ब्रायनची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी. उंची पावणेसहा फुटांच्या आसपास, दाढी वाढलेली, वर्षानुवर्षं छोट्या सभागृहांत आणि जपानमध्ये घाम गाळून तयार झालेला हा मल्ल. १ एप्रिल २०१२ च्या रेसलमेनियात शेमसने त्याला अवघ्या १८ सेकंदांत हरवलं. बुकिंगच्या हिशेबात तो तिथेच संपायला हवा होता. दुसऱ्या रात्री मायामीच्या प्रेक्षकांनी कार्यक्रमभर त्याची ‘येस! येस!’ ही आरोळी दिली. मुळात ती आरोळी त्याने खलनायक म्हणून, चिडवण्यासाठी वापरलेली होती. लोकांनी तिचाच जयघोष केला.

१८ ऑगस्ट २०१३ ला समरस्लॅममध्ये त्याने जॉन सीनाला चीत करून विजेतेपद घेतलं. पंच होता ट्रिपल एच, पडद्यामागे कंपनीचा मोठा अधिकारी आणि कथेतही अधिकारीच. त्याने ब्रायनला आपटलं, रँडी ऑर्टन राखून ठेवलेल्या संधीची पेटी घेऊन आला आणि पट्टा काही मिनिटांत गेला. पुढचे महिने ब्रायनला ‘बी प्लस’ दर्जाचा म्हणून हिणवलं गेलं. हे कथानक खरं वाटलं, कारण कंपनीचं त्याच्याबद्दलचं मत खरोखर तसंच आहे, अशी लोकांची खात्री होती. त्या डिसेंबरात सिअ‍ॅटलला ऑर्टन आणि सीना यांच्या समारंभासाठी माजी विजेते रिंगणात रांगेने उभे होते. ब्रायन मागे, एका बाजूला. तो त्याच वॉशिंग्टन राज्यातला. सभागृहाने त्याच्या नावाचा असा काही घोष लावला, की पुढे उभ्या असलेल्यांना बोलताच येईना.

रॉयल रंबलनंतर रेसलमेनियाची मुख्य लढत जाहीर झालेली होती ती ऑर्टन विरुद्ध बतिस्ता अशी. लोक नमले नाहीत. मार्चमध्ये मेम्फिसला ब्रायनने चाहत्यांनी रिंगण भरून टाकलं आणि ट्रिपल एचकडून आव्हान मान्य करून घेतलं. तो प्रसंग कंपनीनेच रचलेला होता, पण त्यामागचा राग रचलेला नव्हता. ६ एप्रिल २०१४ ला न्यू ऑर्लिन्समध्ये ब्रायनने आधी ट्रिपल एचला हरवलं, मग त्याच रात्री ऑर्टन आणि बतिस्ता या दोघांसोबतच्या लढतीत बतिस्ताला शरण आणलं. अंडरटेकरची रेसलमेनियातली २१ विजयांची अखंड मालिका ब्रॉक लेसनरने त्याच रात्री मोडली होती. सारं मैदान सुन्न झालेलं. त्या सुन्न मैदानाला ब्रायनने पुन्हा उभं केलं. संगीत नाटकात वन्स मोअर आला की नाटक थांबवून पद पुन्हा गावं लागायचं, तसा हा हक्क होता आणि तो वसूल झाला.

दुर्दैव असं, की मानेच्या दुखापतीने त्याला दोन महिन्यांत पट्टा सोडावा लागला. आणि इथून कंपनीने तीच चूक पुन्हा केली. २५ जानेवारी २०१५, फिलाडेल्फिया. ब्रायन परतला, दहाव्या क्रमांकाने रंबलमध्ये आला आणि मध्येच बाहेर फेकला गेला. जिंकला कंपनीने नायक म्हणून निवडलेला रोमन रेन्स. शेवटी त्याच्या मदतीला साक्षात द रॉक धावून आला. लोकांनी रॉकच्या डोळ्यांदेखत रोमनची हुर्यो उडवली, आणि रॉकच्या चेहऱ्यावरचा गोंधळ लपला नाही. खरं तर लादलेला नायक लोक झिडकारतात, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसेल. १९९७ च्या सुमाराला हसतमुख, गुणी ‘रॉकी माइव्हिया’ म्हणून त्याला लोकांपुढे ठेवलं गेलं, तेव्हा लोकांनी त्याच्या मरणाच्या घोषणा दिल्या होत्या. तो खलनायक झाला, प्रेक्षकांनाच टोमणे मारू लागला, आणि तेव्हा कुठे लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं.

रोमनच्या बाबतीत हे शहाणपण सुचायला कंपनीला पाच वर्षं लागली. २०१७ मध्ये अंडरटेकरला हरवल्याच्या दुसऱ्या रात्री त्याला तोंड उघडायलाही लोकांनी कितीतरी मिनिटं दिली नाहीत, तरी पाटीवर नायकच. ऑगस्ट २०२० मध्ये व्यवस्थापक पॉल हेमनला शेजारी घेऊन, भावंडांवर हुकूम गाजवणारा कुटुंबप्रमुख म्हणून तो आला आणि माणूसच बदलला. आवाज खाली उतरला, हालचाल संथ झाली. आधी ज्याच्याकडे पाहवत नव्हतं, त्याच्यावरून नजर हटेना. विजेतेपद त्याच्याकडे १,३१६ दिवस राहिलं.

बेकी लिंचचं उदाहरण याच्या उलट, आणि मला फार आवडणारं. १९ ऑगस्ट २०१८ ला ब्रुकलिनमध्ये तिने हरल्यावर मैत्रीण शार्लटवर हल्ला केला. लिहिणाऱ्यांच्या मते ती त्या क्षणी खलनायिका झाली. सभागृहाने आनंदाने छप्पर डोक्यावर घेतलं, कारण इतके दिवस मागे ठेवलेल्या बाईने शेवटी हिसका दाखवला होता. पुढे काही दिवस ती प्रेक्षकांवर तोंडसुख घेत राहिली, पण उपयोग शून्य. कंपनीने हट्ट सोडला. नोव्हेंबरात नाक फुटून चेहरा रक्ताने माखलेला असताना ती प्रेक्षकांत दोन्ही हात पसरून उभी राहिली आणि त्या हल्ल्यानंतर आठ महिन्यांच्या आत, ७ एप्रिल २०१९ ला रेसलमेनियाची शेवटची लढत जिंकली. बायकांची लढत त्या जागी पहिल्यांदाच आली होती.

त्याच रात्री कोफी किंग्स्टन विजेता झाला. अकरा वर्षं मधल्या फळीत राबलेला मल्ल, दुसऱ्याच्या दुखापतीमुळे एका लढतीत घातला गेलेला, आणि तासाभराहून जास्त चाललेल्या त्या झुंजीत लोकांच्या काळजात उतरलेला. त्याने हरवलं कुणाला? डॅनियल ब्रायनला. तोवर ब्रायन खलनायक झाला होता आणि स्वतः सोसलेले टोमणे कोफीला ऐकवत होता. इतकी बांधेसूद कथा या धंद्यात क्वचित जमते. आणि ४ ऑक्टोबर २०१९ ला लेसनरने कोफीला दहाएक सेकंदांत हरवून ती मातीत घातली. हरायला हरकत नव्हती, पट्टा आज ना उद्या जातोच. पण लोकांनी ज्याला आपल्या हातांनी उचललं, त्याला असं झटकून टाकणं हा लोकांचाच अपमान. त्यानंतर कोफीला साधा जाब विचारण्याचा प्रसंगही लिहिला गेला नाही. मला हे बुकिंग अक्षम्य वाटतं.

भारताच्या वाट्याला आलेला प्रयोग जिंदर महलचा. कॅनडात वाढलेला पंजाबी वंशाचा हा मल्ल, महिनोन्‌महिने हरत आलेला, २१ मे २०१७ ला रँडी ऑर्टनला हरवून विजेता झाला. भारतीय बाजारपेठेवर डोळा होता, हे कुणीही सांगितलं असतं. पण त्याचं पात्र पाहा. अमेरिकेत तो परका, तिथल्या लोकांना तुच्छ लेखणारा, पंजाबीत बोलून चिडवणारा खलनायक. त्याच माणसाला आपण आपला म्हणून डोक्यावर घ्यायचं. इथला प्रेक्षक पंचवीस-तीस वर्षं अंडरटेकर, मिस्टीरियो, सीना यांच्यावर जीव लावत आलेला आहे. आडनावं बघून त्याने नायक निवडलेले नाहीत. दिल्लीच्या डिसेंबरातल्या कार्यक्रमाआधी महिनाभर मँचेस्टरला ए. जे. स्टाइल्सने पट्टा जिंकून घेतला, आणि दिल्लीत जिंदर ट्रिपल एचकडून हरला. ज्याच्यासाठी मांडव घातला, त्याचाच मान गेला.

प्रेक्षकांचं सगळंच बरोबर असतं का? नाही. नायक कोण, यात ते फारसे चुकत नाहीत. तो कधी जिंकावा, यात मात्र त्यांना दम नसतो. २०२३ च्या रेसलमेनियात रोमनने कोडी ऱ्होड्सला हरवलं तेव्हा चाहते खवळले. कोडीचे वडील डस्टी ऱ्होड्स हे थोर मल्ल, पण या कंपनीच्या विजेतेपदाची गादी त्यांना कधी मिळाली नाही. मुलगा ती ‘कथा पूर्ण करायला’ आला होता. तो पराभव मला तेव्हाही योग्य वाटला. कोडीला परतून वर्षच झालं होतं, आणि रोमनचा डोंगर आणखी उंच व्हायचा होता.

२०२४ चा प्रकार वेगळा. कोडीने सलग दुसऱ्यांदा रंबल जिंकली, रोमनकडे बोट दाखवलं आणि २ फेब्रुवारीला स्वतःची जागा रॉकला देऊन बाजूला झाला. रॉक त्याच सुमाराला मालक कंपनीच्या संचालक मंडळावर आला होता. इथे वेळेचा वाद नव्हताच, नायकच पळवला गेला होता. जगभरातून ‘आम्हाला कोडी हवा’ असा ओरडा उठला. सहा दिवसांनी लास व्हेगसच्या पत्रकार परिषदेत कोडीने आपला हक्क परत मागितला, रॉकने त्याच्या थोबाडीत मारली आणि कंपनीच्या लेखणीला जाग आली. लोकांना राग ज्याचा आला होता, तोच खलनायक. संचालकपदाचा माज मिरवणारा रॉक कोडीला पावसात रक्तबंबाळ होईपर्यंत मारत होता, तेव्हा चाहत्यांची खरी चीड कथेत जशीच्या तशी ओतली गेली होती. ७ एप्रिल २०२४ ला फिलाडेल्फियात कोडी जिंकला. नऊ वर्षांपूर्वी याच शहराने रोमनला झिडकारलं होतं.

इतकं शिकूनही वाद संपत नाहीत. १ मार्च २०२५ ला टोरांटोत जॉन सीनाने कोडीला दगा दिला. वीस वर्षांहून जास्त काळ नायक राहिलेला माणूस उलटला, याहून मोठा धक्का नाही. पण पुढे रॉक कथेतून गायब, सीनाच्या रागाला धड कारण नाही, आणि ऑगस्टमध्ये तो पुन्हा सज्जन. सोनं हाती येऊन घडण बिघडली, असंच मी म्हणेन. मग १३ डिसेंबर २०२५ ला वॉशिंग्टनमध्ये त्याची अखेरची लढत झाली. ‘कधीही हार मानू नका’ हे ज्याचं ब्रीद, तो प्रतिस्पर्धी गुंथरच्या विळख्यात हाताने खूण करून शरण गेला. सभागृह आता बुकिंगची सूत्रं हाती असलेल्या ट्रिपल एचवर संतापलं. जाणाऱ्याने हरून जावं, ही या धंद्याची जुनी रीत आहे आणि ती बरोबर आहे. माझी तक्रार शरण जाण्याबद्दल आहे. १९९७ मध्ये ब्रेट हार्टच्या पेचात अडकलेला स्टीव्ह ऑस्टिन रक्ताच्या धारेत बेशुद्ध पडला, पण त्याने हार मानली नाही. तो हरला आणि त्याच रात्री लोकांचा नायक झाला. सीनाला तसं शुद्ध हरपून हरवलं असतं, तर गुंथरचा विजय तितकाच मोठा राहिला असता आणि वीस वर्षं ते ब्रीद छातीवर मिरवणाऱ्या पोरांना त्या रात्री मान खाली घालावी लागली नसती. काही चाहते म्हणतात, शरण जाण्याआधी सीना हसला, त्यात सुटका होती. मी ती लढत पुन्हा पाहिली आहे, आणि माझं मत बदललेलं नाही.