सुगंधी तेले : नाव, घडण आणि व्यवहार

मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने तेलांवर लिहावे, याचे येथील काही माजी विद्यार्थ्यांना नवल वाटेल. या विषयाकडे मी वळलो तो एका शब्दामुळे. औषधांच्या आणि प्रसाधनांच्या दुकानांत हल्ली काचेच्या चिमुकल्या बाटल्या मांडलेल्या असतात. त्यांच्या माहितीपत्रकांत ‘आवश्यक तेल’ असे मराठी नाव छापलेले मी एकाहून अधिक वेळा वाचले आहे. कोणास आवश्यक आणि कशासाठी, याचा तेथे खुलासा नसतो, आणि तो असणे शक्यही नाही. मूळ संज्ञा ‘इसेन्शियल ऑइल’ अशी आहे. त्यातील विशेषण ‘इसेन्स’ म्हणजे सत्त्व या नामावरून आले. वनस्पती उकळून तिची वाफ धरली असता तिचे सत्त्वच हाती येते, अशी युरोपातील जुन्या किमयागारांची समजूत होती. त्या समजुतीची खूण या नावात राहिली आहे. आपल्या शास्त्रीय परिभाषेतील ‘बाष्पनशील तेल’ हा शब्द जिभेला जड असला तरी अर्थाने चोख आहे. सोयीसाठी मी येथे ‘सुगंधी तेल’ म्हणतो.

या नावातील ‘तेल’ हा शब्दही जपूनच घ्यावा लागतो. टीपकागदाच्या एका तुकड्यावर तिळाच्या तेलाचा आणि दुसऱ्यावर संत्र्याच्या सालीच्या तेलाचा एकेक थेंब टाकावा. तिळाच्या तेलाचा डाग दुसऱ्या दिवशीही तसाच राहील. संत्र्याचा थेंब उडून जाईल आणि कागद जवळजवळ कोरा होईल. शाळेच्या प्रयोगशाळेत हे सहज दाखवता येते. तीळ, शेंगदाणा, खोबरे यांची तेले म्हणजे स्निग्ध पदार्थ, वनस्पतीने बीजासाठी साठवलेले अन्न. सुगंधी तेल हे मुळात अन्नच नव्हे. पान, साल, फूल, मूळ किंवा लाकूड यांतील सूक्ष्म पेशींत व ग्रंथींत साचलेले ते उडून जाणाऱ्या रसायनांचे मिश्रण असते. काही कीटकांना बोलावण्यास आणि काहींना दूर ठेवण्यास वनस्पतीला ते उपयोगी पडते. या भेदाचा विसर पडला की काय होते, ते पुढे येईलच.

हे तेल बाहेर काढण्याची मुख्य रीत ऊर्ध्वपातनाची. त्यातील मर्म समजून घेण्याजोगे आहे. गुलाबाला व अनेक गवतांना सुगंध देणारे जिरॅनिऑल हे द्रव्य एकटे उकळण्यास सुमारे २३० अंश सेल्सियस उष्णता लागते, आणि तेवढ्या आचेवर फुले करपतील. पाणी आणि तेल एकमेकांत मिसळत नसल्याने दोहोंच्या वाफांचा दाब मात्र एकत्र भरतो, आणि मिश्रण १०० अंशांच्या किंचित खालीच उकळू लागते. वाफेच्या सोबतीने तेल वर येते, थंड झाल्यावर पाण्यावर तरंगते आणि अलगद काढून घेता येते. लवंगेचे तेल मात्र पाण्याहून जड असल्यामुळे तळाशी बसते. कनौजचे अत्तरवाले तांब्याचा डेग आणि भपका बांबूच्या नळीने जोडून हेच करतात. परंतु त्यांच्या भपक्यात आधीच चंदनाचे तेल घातलेले असते आणि गुलाबाची वाफ त्यात मुरते. म्हणून परंपरेने काढलेले गुलाबाचे अत्तर आणि गुलाबाचे शुद्ध तेल या दोन निराळ्या वस्तू होत. शुद्ध तेल एक किलो मिळवण्यास तीन ते पाच हजार किलो फुले लागतात, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याची किंमत आणि त्यातील भेसळ या दोहोंचे आश्चर्य वाटत नाही.

या भेसळीचा एक धागा आपल्या शेजारच्या मुलखापर्यंत येतो. वडोद्याहून नंदुरबारच्या वाटेने सातपुड्याकडे गेले, किंवा पलीकडे निमाडात उतरले, की डोंगरउतारांवर रोशा नावाचे गवत आढळते. पावसाळ्यानंतर ते फुलोऱ्यावर आले की कापायचे आणि ओढ्याकाठी भट्टी लावून त्याचे तेल काढायचे, हा या भागातील जुना धंदा. खोबरेल, एरंडेल, करंजेल यांच्या पंक्तीत बसणारा ‘रोशेल’ हा आपला शब्द त्याच तेलाचा. शास्त्रज्ञ या गवताला ‘सिंबोपोगॉन मार्टिनी’ म्हणतात. टिपूवरील स्वारीत क्लॉड मार्टिन या सेनाधिकाऱ्याने बालाघाटच्या पठारावर त्याचे बी गोळा केले होते. त्याच्या नावावरून रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञाने हे नामकरण केले. सैन्याच्या वाटेवर गवताकडे पाहणारा सेनाधिकारी मला तरी विरळाच वाटतो.

रोशेलात जिरॅनिऑलचे प्रमाण साधारण ७५ ते ८५ टक्के असते, आणि गुलाबाच्या तेलातही तेच एक प्रमुख द्रव्य. मग व्यापाऱ्याची बुद्धी चालली. एकोणिसाव्या शतकात हे तेल मुंबईहून तांबड्या समुद्रामार्गे कॉन्स्टँटिनोपलला जाई, तेथे उन्हात ठेवून त्याचा रंग उतरवत, आणि पुढे बल्गेरियातील गुलाबाच्या तेलात ते मिसळले जाई. युरोपात त्याला ‘तुर्की जिरॅनियम तेल’ म्हणत. वास्तविक त्यात तुर्की काही नव्हते आणि जिरॅनियमही नव्हते! खऱ्या गुलाबतेलात मेणासारखा अंश असल्यामुळे ते थंडीत थिजते. भेसळीचे तेल अधिक थंड झाल्याखेरीज थिजत नाही, ही त्या काळची परीक्षा. रोशातही ‘मोतिया’ आणि ‘सोफिया’ असे दोन प्रकार. दिसण्यात फरक थोडा, परंतु सुगंधात व किमतीत मोतिया वरचढ.

आपल्याकडे या शास्त्राला गंधयुक्ती म्हणत. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त त्यावर स्वतंत्र अध्याय आहे. वडोदेकरांना अधिक जवळची गोष्ट अशी, की येथील प्राच्यविद्या मंदिराने १९८९ मध्ये गायकवाड ग्रंथमालेत गंगाधराचा ‘गंधसार’ आणि अज्ञात कर्त्याचा ‘गंधवाद’ एकत्र प्रसिद्ध केले. यांपैकी ‘गंधवादा’वरील टीका मराठीत आहे. या ग्रंथांकडे अभ्यासकांचे लक्ष प्रथम वेधले ते पुण्याच्या भांडारकर संस्थेतील परशुराम कृष्ण गोडे यांनी. भावन, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन असे सुगंधाचे सहा संस्कार ‘गंधसारा’त येतात. ‘भावना’ म्हटले की आज आपल्याला मनच आठवते. वैद्यांच्या खलात मात्र चूर्णाला आल्याच्या रसाची भावना अजूनही दिली जाते. अत्तराच्या धंद्यावर मराठीत टीका लिहिण्याची गरज कोणाला तरी वाटली होती, हे मला त्या भाषेच्या प्रौढत्वाचे लक्षण वाटते. आमच्या अभ्यासक्रमांत या टीकेला जागा मिळायला हवी होती.

घरातील व्यवहार आपण नकळत करीतच असतो. संत्र्याची साल ज्योतीजवळ दाबली की चटचट उडतात त्या ठिणग्या तेलाच्याच. दाढदुखीवर ठेवलेल्या लवंगेतील युजेनॉल दंतवैद्यही वापरतात. गवती चहातील सिट्रल, माठातला वाळा, ओव्यातील थायमॉल ही सारी याच कुळातली. ओव्याचे फूल, पुदिन्याचे फूल आणि कापूर हे तिन्ही कोरडे खडे एका बाटलीत घालून ठेवले की पाण्याचा थेंबही न घालता त्यांचा द्रव होतो, ही अमृतधारेची गंमत पुष्कळांनी पाहिली असेल. एकत्र आल्यावर तिघांचा वितळणबिंदू खोलीतील उष्णतेच्याही खाली जातो, एवढेच त्यातील गूढ. आरतीचा कापूर मात्र आज बहुधा झाडाचा नसतो. टर्पेंटाइनपासून कारखान्यात बनवलेला असतो.

फ्रेंच रसायनज्ञ गॅटफोसे याने १९३७ मध्ये ‘अरोमाथेरपी’ या नावाचे पुस्तक लिहिले आणि तेव्हापासून या तेलांना उपचाराचे वलय आले. सुगंधाने मन प्रसन्न होते, यात वाद नाही. मधुमेहापासून कर्करोगापर्यंत सर्व काही बरे होईल असे जी पत्रके सांगतात, त्यांवर माझा विश्वास नाही, आणि आपणही ठेवू नये. चमचाभर निलगिरीचे तेल पोटात गेल्यास लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते. थोडा कापूर गिळल्यानेही मुलांना झटके येतात. सर्दी झालेल्या तान्ह्याच्या नाकाजवळ कापूर किंवा अमृतधारा चोळण्याची आपल्या घरांतील रीत म्हणूनच सोडून द्यावी. असे काही पोटात गेलेच तर उलटी काढण्याचा प्रयत्न न करता बाटलीसह तत्काळ रुग्णालय गाठावे. ‘तेलच तर आहे’ आणि ‘आवश्यक आहे’ हे दोन गैरसमज एकत्र आले म्हणजे काय होऊ शकते, ते येथे दिसते.

मोठ्यांनीही निव्वळ तेल अंगाला लावू नये. एका मोठ्या चमचाभर खोबरेलात तीन थेंब टाकले की सुमारे एक टक्का होतो, तेवढे पुरे. स्नानाच्या पाण्यात थेट टाकलेले थेंब मिसळत नाहीत, वर तरंगून कातडीला जसेच्या तसे चिकटतात. बाटली घेताना वनस्पतीचे शास्त्रीय नाव आहे का ते पाहावे, आणि ती घट्ट बूच लावून अंधाऱ्या, थंड जागी ठेवावी. संत्र्या-लिंबाच्या सालीची तेले हवा लागून जुनी झाली की त्वचेला खाज आणतात. अशी शिळी बाटली फेकून देण्याचे कारण नाही. काचेच्या बरणीवरील चिठ्ठीचा चिकट डिंक तिने उत्तम निघतो.