ताकदीच्या गोळ्या आणि शेरू

सकाळी ७. भरवेलीत म्हैस व्याली, वार पडली नव्हती. मॅंगनीजच्या खाणीकडचा रस्ता, अंगावर काळी धूळ घेऊनच बालाघाटला परतलो.

८.१५. दवाखान्याच्या पायरीवर एक ताई, दोरीला शेरू. गावठी, वजन १२ किलो. “डॉक्टरसाहेब, सुनेच्या अंगणवाडीतल्या लाल गोळ्या खाल्ल्या यानं. ताकदीच्याच आहेत, पण पाकिटात दोनच उरल्या.” तासाभरापूर्वीची गोष्ट. ताईंनी पाकीट पदरात बांधून आणलं होतं, त्यानं निम्मं काम झालं. गोळीवर साखरेचं आवरण, कुत्रं सोडतंय कशाला! एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह. तेरा गोळ्या म्हणजे ७८०, किलोमागे ६५. २० च्या आत असतं तर नुसतं लक्ष ठेवायला सांगून घरी पाठवलं असतं. ६० च्या पुढे मात्र जिवाशी गाठ.

शेजारीण म्हणाली होती, मिठाचं पाणी पाजा. ताईंनी पाजलं नाही, फार बरं केलं. त्या पाण्यानं रक्तातलं सोडियम चढून कुत्रं दगावतं.

८.३०. इंजेक्शनानं उलटी करवली. लालसर पाणी, त्यात अर्धवट विरघळलेल्या गोळ्या. मोजल्या तर आठ. बाकीच्या आतच विरघळल्या असं धरून सलाईन लावलं. विषबाधा म्हटली की लोक कोळशाची पूड आठवतात, पण लोह कोळशाला चिकटत नाही.

११. वारासिवनीहून फोन. दहा किलोच्या कुत्र्यानं आजोबांच्या ‘ड’ जीवनसत्त्वाच्या चार कॅप्सूल गिळल्या, ६०,००० युनिटच्या, माणसानं आठवड्याला एक घ्यायच्या. “पण ठणठणीत आहे, संध्याकाळी आणू का?” नाही, आत्ता निघा. यात कॅल्शियम एक-दोन दिवसांत चढतं आणि मूत्रपिंडं निकामी करतं. कुत्रं पाणी ढोसायला लागेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो.

१२.३०. शेरूचं रक्त काढलं. लोह चार ते सहा तासांनी मोजायचं असतं. मधे एक बी-कॉम्प्लेक्सवाला येऊन गेला. फार तर जुलाब होतील, घरी जा म्हटलं. मला धास्ती वाटते ती झायलिटॉल घातलेल्या शुगर-फ्री गोळ्यांची आणि मधुमेहाच्या माणसाला मुंग्यांसाठी देतात त्या अल्फा-लिपोइक आम्लाच्या कॅप्सूलची. दोन्ही कुत्र्याची साखर उतरवतात, यकृतावरही जातात.

२. शेरू उठला, शेपूट हलवू लागला. ताई म्हणाल्या, “बरा झाला, नेते.” लोहाची लबाडी ती हीच. पहिल्या उलट्या थांबल्या की सहा ते चोवीस तास जनावर बरं दिसतं, मग एकदम कोसळतं. नेऊ दिलं नाही. ताई रुसल्या, पण थांबल्या.

४.३०. रिपोर्ट आला. लोह वाढलेलं, धोक्याच्या रेषेखाली. वर असतं तर थॅलेसेमियाच्या मुलांना देतात ते डेफेरॉक्झामिन शोधत गोंदियापर्यंत माणूस पाठवावा लागला असता. मधल्या वेळात वारासिवनीचा कुत्राही आला, उलटीत दोन कॅप्सूल निघाल्या. त्याचं कॅल्शियम आता रोज पाहायचं.

८. दोन्ही कुत्री रात्री इथेच. ताईंचा मुलगा डबा घेऊन आला.

वाचकांना एवढंच सांगतो: असं झालं तर गोळीचं पाकीट, कुत्र्याचं वजन आणि खाल्ल्याची वेळ घेऊन लगेच दवाखाना गाठा. दवाखाना लांब असेल तर १९६२ वर फोन करा, मध्य प्रदेशात पशुवैद्यकाची गाडी दारी येते.