मैदान गावाचे, मुले सर्वांची : मलप्पुरमच्या खेड्यांतील फुटबॉल क्लब

मगरिबची नमाज झाली की गावातली तरुण मुले जातात कुठे, हा प्रश्न आज आपल्या बहुतेक घरांत विचारला जातो. कोणी नाक्यावर, कोणी पुलाच्या कठड्यावर, तर कोणी घरातच पण मोबाईलमध्ये. अम्मी रागावते, अब्बा दोन शब्द सुनावतात, जमातीच्या बैठकीत वडीलधारे नसीहत करतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मुलांनी कुठे जाऊ नये हे आपण रोज सांगतो. कुठे जावे याची सोय मात्र फार थोड्या गावांत आहे. केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यातील अनेक खेड्यांनी ही सोय स्वतःच्या हिमतीवर उभी केली आहे. तिची ओळख वाचकांना करून द्यावी, असे आम्हाला वाटले.

मलप्पुरम हा मलबारचा मुस्लिमबहुल जिल्हा. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ४१ लाखांच्या वर आणि त्यात सुमारे ७० टक्के मुस्लिम. भात, नारळ, सुपारी आणि आखातातून येणारा पैसा यांवर इथली घरे चालतात. रत्नागिरी-रायगडच्या आपल्या कोकणी वाचकांना हे चित्र अगदी ओळखीचे वाटेल. फरक एवढाच की कोकणात संध्याकाळी मैदानावर टेनिस बॉलचे क्रिकेट दिसते आणि मलप्पुरममध्ये फुटबॉल. इंग्रजांच्या काळात मलप्पुरम गावात लष्कराची छावणी होती. कोट्टप्पडीच्या मैदानावर गोरे शिपाई फुटबॉल खेळत आणि ते पाहून स्थानिक मुले शिकली, असे तिथले जुने लोक सांगतात. शिपाई गेले, खेळ मात्र गावोगावी राहिला. चालियार नदीच्या काठावरील अरीकोडला तर ‘फुटबॉलचे गाव’ म्हणूनच ओळखतात.

कापणीनंतरचे मैदान

मलबारचा खास खेळ म्हणजे ‘सेव्हन्स’. नेहमीच्या फुटबॉलमध्ये एका बाजूला अकरा खेळाडू असतात, इथे सात. मैदान लहान, सामन्याची वेळ कमी आणि ऑफसाइडची भानगड सहसा नाही. त्यामुळे चेंडू सतत एका गोलकडून दुसऱ्या गोलकडे धावत असतो आणि पाहणाऱ्याला डोळा लवू देत नाही. भाताची कापणी झाली की रिकाम्या शेतात किंवा शाळेच्या मैदानावर बांबू आणि सुपारीच्या खोडांची तात्पुरती गॅलरी उभी राहते, दिवे लागतात आणि नोव्हेंबरपासून मे महिन्यापर्यंत स्पर्धा चालतात. सामने रात्री होतात. दुकान बंद करून दुकानदार येतो, रिक्षा लावून रिक्षावाला येतो, नातवाचे बोट धरून आजोबा येतात.

सातच खेळाडू लागतात, ही गोष्ट दिसायला छोटी पण महत्त्वाची आहे. लहानशा वाडीलाही सात मुले जमवता येतात. पूर्ण आकाराचे मैदान नसलेल्या गावालाही स्पर्धा भरवता येते. खेळ गरिबाच्या आवाक्यात आला तो असा.

क्लब काय काय करतो

या खेड्यांतल्या क्लबच्या पाटीवर बहुधा ‘आर्ट्स अँड स्पोर्ट्स क्लब’ असे लिहिलेले असते. रस्त्याकडेची एक-दोन खोल्यांची जागा, भिंतीवर जुन्या संघांचे फोटो, कपाटात चषक, टेबलावर वर्तमानपत्र, कोपऱ्यात कॅरम. क्लबचे सभासद संध्याकाळी खेळतात आणि एरवी गावाच्या उपयोगी पडतात. रक्तदानाची यादी क्लबकडे असते. कोणाच्या घरी लग्न असो वा मय्यत, खुर्च्या लावण्यापासून पाणी देण्यापर्यंत हीच मुले पुढे असतात. संघात मुस्लिम, हिंदू आणि ख्रिस्ती मुले एकत्र खेळतात. गावाची जर्सी एकच असते.

सर्वांत मोलाची गोष्ट आम्हाला वाटते ती स्पर्धेच्या उत्पन्नाची. मोठी सेव्हन्स स्पर्धा तिकिटे लावून महिनाभर चालते आणि खर्च वजा जाता उरणारी रक्कम पुष्कळ ठिकाणी गावाच्या कामाला दिली जाते. कुठे डायलिसिसच्या रुग्णांना, कुठे एखाद्या गरीब कुटुंबाच्या घरबांधणीला, कुठे पॅलिएटिव्ह केअर केंद्राला. कर्करोग किंवा पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या, बरे होण्याची आशा नसलेल्या रुग्णाची घरी जाऊन काळजी घेण्याची ही सेवा. २००१ च्या सुमारास मलप्पुरम जिल्ह्यात ती लोकांनी स्वतः चालवलेल्या चळवळीच्या रूपाने सुरू झाली आणि पुढे केरळभर पसरली. गावातील स्वयंसेवक, गावातील वर्गणी आणि सोबत परिचारिका व डॉक्टर, अशी तिची रचना आहे. रात्री गोलसाठी ओरडणारा मुलगा सकाळी त्याच तिकिटाच्या पैशातून कोणाच्या तरी आजीची औषधे येताना पाहतो. खिदमतीचा धडा त्याला पुस्तकातून द्यावा लागत नाही.

लहानांच्या स्पर्धा

मोठ्यांच्या झगमगाटाइतकीच जिवंत असते ती लहान मुलांची स्पर्धा. शाळेच्या सुट्टीत क्लब वयोगटाप्रमाणे सामने भरवतात. गावातले जुने खेळाडू शिबिरे घेतात. त्यांत पोलीस किंवा बँकेच्या संघाकडून खेळून निवृत्त झालेलेही असतात. अरीकोडजवळच्या तेरट्टम्मलचे यू. शराफ अली केरळ पोलिसांच्या गाजलेल्या संघातून भारतीय संघापर्यंत पोहोचले. असा एक माणूस गावात असला की दहा वर्षांच्या मुलाला स्वप्न दूरचे वाटत नाही. शाळांचाही वाटा मोठा आहे. मलप्पुरमच्या एमएसपी शाळेचा संघ २०१२ मध्ये दिल्लीतील सुब्रतो चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि युक्रेनहून आलेल्या संघाशी खेळला.

या मुलांपैकी दोघांचा महाराष्ट्राशी जवळचा संबंध आहे. कोंडोट्टीचा अनस एडतोडिका हा बेताच्या परिस्थितीतला मुलगा. घराला हातभार लावण्यासाठी त्याने रिक्षाही चालवली. गावच्या मैदानावरून तो मुंबई एफसीत आला, मग पुणे एफसीत गेला. या दोन शहरांत त्याने कित्येक वर्षे बचावपटू म्हणून घाम गाळला. भारतीय संघाची जर्सी त्याला मिळाली २०१७ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी. दुसरा आशिक कुरुणियन. तो मलप्पुरमहून पुणे एफसीच्या अकादमीत आला, तिथे घडला, काही काळ स्पेनमधील व्हिलारियल क्लबच्या युवा संघाबरोबर राहिला आणि २०१८ मध्ये मुंबईच्या मैदानावर भारतासाठी पहिला सामना खेळला. गावच्या क्लबने हात धरून उभे केले आणि शहराच्या क्लबने चालायला शिकवले. दोन्हींची गरज होती.

रमजानमधील ती रात्र

२०२२ मध्ये संतोष करंडक ही राज्यांची राष्ट्रीय स्पर्धा मलप्पुरम जिल्ह्यात झाली. बहुतेक सामने रमजानमध्येच आले. उपांत्य फेरीत केरळने कर्नाटकला ७-३ असे हरवले. त्यातील ५ गोल केले निलांबूरच्या जेसिन टी. के. या तरुणाने आणि तेही बदली खेळाडू म्हणून मैदानात उतरून! २ मे रोजी मंजेरीजवळच्या पय्यनाड स्टेडियममध्ये बंगालविरुद्ध अंतिम सामना होता. तो रमजानचा शेवटचा रोजा होता आणि दुसऱ्या दिवशी ईद. सामना रात्री ८ वाजता, पण जागा मिळावी म्हणून लोक संध्याकाळपासूनच आत बसले होते. अनेकांनी गॅलरीतच खजूर आणि पाण्याने इफ्तार केला. जादा वेळेत बंगालने गोल केला, केरळने शेवटच्या काही मिनिटांत बरोबरी साधली आणि पेनल्टीवर ५-४ असा विजय मिळवला. केरळचे हे सातवे विजेतेपद. ईदच्या आदल्या रात्री एवढी गर्दी शिस्तीत जमली आणि घरी परतली, याचे आम्हाला अधिक कौतुक वाटते.

पैसा आला की जबाबदारीही येते

चित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सेव्हन्समध्ये आता मोठा पैसा आहे. व्यापारी आपल्या नावाचे संघ उतरवतात आणि नायजेरिया, घाना, आयव्हरी कोस्ट येथील खेळाडू हंगामासाठी येतात. देश कोणताही असो, मलबारमध्ये त्या सर्वांना ‘सुडानी’च म्हणतात. २०१८ मध्ये आलेल्या झकारिया मोहम्मद यांच्या ‘सुडानी फ्रॉम नायजेरिया’ या मल्याळम चित्रपटात जखमी परदेशी खेळाडूची आईच्या मायेने शुश्रूषा करणाऱ्या मुस्लिम घराची गोष्ट आहे. तो पाहणाऱ्याला मलप्पुरमचे मन कळते. पण त्याच अरीकोड परिसरात २०२४ च्या मार्चमध्ये आयव्हरी कोस्टच्या एका खेळाडूला प्रेक्षकांनी मारहाण केली. रंगावरून शिवीगाळ झाल्याची तक्रार त्याने पोलिसांत दिली. पाहुण्याची इज्जत राखणे हा आपला धर्म आहे आणि रंगावरून कोणी श्रेष्ठ ठरत नाही ही तर आपली मूळ शिकवण. मैदानावर ती विसरली गेली, तर चषकाला काय किंमत?

सुरक्षेचेही तसेच. २०२२ च्या मार्चमध्ये काळिकावूजवळ पूंगोड येथे अंतिम सामन्याच्या गर्दीने तात्पुरती गॅलरी कोसळली आणि अनेक जण जखमी झाले. २०२५ च्या फेब्रुवारीत तेरट्टम्मलला सामन्याआधी उडवलेले फटाके प्रेक्षकांत शिरले आणि पुन्हा माणसे भाजली. बांबूच्या गॅलरीत किती माणसे बसवायची, हे तिकिटांच्या गल्ल्याने ठरवायचे नसते.

मुलांच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. सेव्हन्सला भारतीय फुटबॉल महासंघाची मान्यता नाही. इथे रोख पैसे लगेच मिळतात. अकराच्या खेळातील शिस्त, जागा राखणे, नव्वद मिनिटांचा दम हे सारे मात्र इथे शिकता येत नाही. गरीब घरातील सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला आजच्या रात्रीचे पैसे खुणावतात आणि उद्याची कारकीर्द मागे पडते. दुखापत झाली तर पुढच्या हंगामात कोणी विचारत नाही. म्हणूनच शहाणे क्लब चांगल्या मुलाला वेळीच अकादमीत किंवा शाळेच्या संघात पाठवतात आणि शिक्षण सुटू देत नाहीत. अनस आणि आशिक यांची उदाहरणे याच वाटेची आहेत.

अतिरेकाबद्दल उलेमांनीही बजावले आहे. २०२२ च्या विश्वचषकाच्या वेळी शेजारच्या कोझिकोड जिल्ह्यातील पुल्लावूर येथे नदीत मेस्सी, नेमार आणि रोनाल्डो यांचे उंचच उंच कटआउट उभे राहिले आणि जगभर त्यांचे फोटो गेले. तेव्हा ‘समस्त’ या उलेमांच्या संघटनेशी संबंधित खतीबांच्या समितीने सांगितले की खेळ जरूर पाहा, पण त्यापायी नमाज चुकवू नका, कटआउटवर पैसा उधळू नका आणि खेळाडूची भक्ती करू नका. त्यावर केरळात बरीच चर्चा झाली आणि हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न असल्याचे काहींनी म्हटले. आम्हाला यातील मुद्दा पटतो. ज्या पैशात वर्षभर मुलांचे बूट आणि चेंडू आले असते, तो एका फलकावर का जावा?

आपल्या गावात काय करता येईल

महाराष्ट्राला फुटबॉल नवा नाही. कोल्हापूरच्या पेठांतील तालमींनी तो पिढ्यान्‌पिढ्या जपला आहे. तिथलाच अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. खेळ कोणताही असो, कबड्डी, क्रिकेट किंवा व्हॉलीबॉल, मलप्पुरमकडून घेण्यासारखी आहे ती रचना.

आधी लहानांचा संघ काढा, मोठ्यांचा नंतर. गावातील एखादा निवृत्त शिक्षक किंवा जुना खेळाडू यांना मुलांची जबाबदारी द्या. सरावाची वेळ अशी ठेवा की अस्रनंतर सुरू होऊन मगरिबच्या अजानीला संपेल. शाळेत हजेरी नसेल तर संघात जागा नाही, हा नियम पहिल्याच दिवशी सांगा. वर्गणीची पावती द्या आणि हिशेब क्लबच्या भिंतीवर लावा. उत्पन्नातला ठराविक हिस्सा गावातील रुग्णांसाठी वेगळा काढा. मोहल्ल्यापुरते न राहता साऱ्या गावाची मुले घ्या. आणि मुलींना विसरू नका. शाळेच्या आवारात, शिक्षिकेच्या देखरेखीखाली, घरच्यांना मोकळेपणाने येता येईल अशी सोय केली तर कितीतरी मुली खेळतील. त्यांनाही मैदानाची हवा तितकीच हवी असते.

आखातात असलेल्या भावंडांनाही आमची विनंती आहे. गावाकडे पैसे पाठवताना त्यातून कधीतरी एक चेंडू, दोन जाळ्या, दहा जोडी बूट यांचाही खर्च उचला. मलप्पुरमचे लोक जेद्दा आणि दुबईतही आपसांत फुटबॉल स्पर्धा भरवतात आणि गावच्या क्लबला विसरत नाहीत.

येत्या जमातीच्या बैठकीत मुलांच्या तक्रारीबरोबर मैदानाचाही विषय काढा. गावात पडीक जागा किती आहे, ती कोणाची आहे आणि कोणाला विचारायचे, एवढे जरी त्या बैठकीत ठरले तरी सुरुवात झाली. बाकी मुले जमवायला वेळ लागणार नाही, इन्शाअल्लाह.