उलट्या गिटारवर लिबाआजी

दुपारची भांडी आवरून रेडिओजवळ बसला असाल, तर आज आम्ही तुम्हाला एका रेकॉर्डची गोष्ट सांगणार आहोत. रेकॉर्ड अमेरिकेतली, १९५८ सालची. त्यात आहे गिटार आणि अधूनमधून एका बाईचा आवाज. ही बाई तेव्हा साठी ओलांडलेली होती आणि लोकांच्या घरी काम करून पोट भरत होती. तिचं नाव एलिझाबेथ कॉटन. ओळखीची माणसं तिला लिबा म्हणायची. आम्ही तिला लिबाआजी म्हणतो.

आधी तिच्या वाजवण्याबद्दल सांगतो. सिनेमातला हिरो गिटारच्या सगळ्या तारांवरून एकदम हात फिरवताना आपण पाहिलाय. दुसरी रीत अशी, की एकेक तार बोटांनी वेगळी छेडायची. अंगठा जाड तारांवर ठेका धरतो आणि बाकीची बोटं बारीक तारांवर चाल वाजवतात. एकतारी आणि चिपळ्या दोन्ही सांभाळत एकटाच वारकरी अभंग म्हणतो ना, तसंच काहीसं. ऐकणाऱ्याला वाटतं, दोघं वाजवतायत.

लिबा डावखुरी होती. नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या कॅरबरो गावी, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात, एका गरीब कृष्णवर्णीय कुटुंबात ती जन्मली. भाऊ घरी नसला की ती गुपचूप त्याचा बँजो घेऊन बसायची. शाळा लवकर सुटली आणि ती लोकांच्या घरी कामाला लागली. महिन्याला एक डॉलर मिळायचा. आईने तो साठवला आणि पावणेचार डॉलरची गिटार घेऊन दिली. शिकवणारं कुणी नव्हतं. गिटार उजव्या हाताच्या माणसासाठी बनवलेली होती. लिबाने तारा बदलल्या नाहीत, गिटारच उलटी धरली. त्यामुळे बारीक तारा वर आल्या आणि जाड तारा खाली गेल्या. मग तिचा अंगठा चाल वाजवायला लागला आणि बोट ठेका धरायला लागलं. सगळ्यांच्या अगदी उलट! या रीतीला आज गिटार वाजवणारे ‘कॉटन पिकिंग’ म्हणतात आणि ती मुद्दाम शिकतात.

आता त्या रेकॉर्डवर काय आहे ते ऐका. एक म्हणजे ब्लूज. गुलामगिरी संपल्यानंतरच्या काळात दक्षिणेकडच्या कृष्णवर्णीय लोकांनी रचलेली ही सुखदुःखाची गाणी. दुसरं म्हणजे रॅग. बँडच्या कवायती चालीत ठेका मुद्दाम मागेपुढे सरकवला, की पाय आपोआप हलायला लागतात, ते रॅग. ‘विल्सन रॅग’ नावाची तशी एक चाल या रेकॉर्डवर सुरुवातीलाच आहे. आणि तिसरी आहेत चर्चमधली भजनं. न्यू ऑर्लिन्स शहरात याच तीन गोष्टी पितळी वाद्यांच्या बँडमध्ये एकत्र आल्या आणि त्यातून डिक्सीलँड जॅझ तयार झालं. तिथे अंत्ययात्रेला बँड जातो. जाताना संथ भजनं वाजवतो आणि परतताना नाचायला लावणाऱ्या चाली. लिबाजवळ बँड नव्हता. तिने हे सगळं एका गिटारवर बसवलं.

पण या तीन गोष्टी तिच्या आयुष्यात सुखाने एकत्र नांदल्या नाहीत. लहान वयात लग्न झालं, मुलगी झाली. चर्चमधल्या मंडळींनी सांगितलं, ही ऐहिक गाणी सोड, वाजवायचंच तर देवाचं वाजव. संसार, मुलगी, लोकांच्या घरची कामं यातही दिवस सरत होते. गिटार बाजूला पडली ती कित्येक वर्षं. मैत्रिणींनो, आपल्यातल्या किती जणींची पेटी, रांगोळी, नाटक असंच बाजूला पडलंय, ते आम्ही वेगळं सांगायला नको.

पुढे ती मुलीजवळ वॉशिंग्टनला आली. तिथे एका मोठ्या दुकानात काम करताना तिला एक हरवलेली मुलगी दिसली. तिने ती आईच्या हवाली केली. ती मुलगी होती पेगी सीगर आणि आई संगीतकार रूथ क्रॉफर्ड सीगर. पुढे त्याच घरी लिबा कामाला लागली. घर गाण्याबजावण्याचं होतं, भिंतीवर गिटार टांगलेली असायची. एक दिवस काम करणाऱ्या बाई ती वाजवताना मुलांना सापडल्या. थोरल्या माईकने मग टेपरेकॉर्डर लिबाच्याच घरी नेला आणि तिथे जे ध्वनिमुद्रण केलं, त्याची ही रेकॉर्ड झाली.

तिच्यावर ‘फ्रेट ट्रेन’ म्हणजे मालगाडी नावाचं गाणं आहे. घराजवळून जाणारी गाडी पाहून लिबाने ते अकरा-बारा वर्षांची असताना रचलं. दुसरं एक गाणं शेजारणीवर आहे. तिने लिबाच्या आईकडे खोटी चुगली केली आणि लिबाला शिक्षा झाली. पोरीने त्याचं गाणं केलं.

‘फ्रेट ट्रेन’चं पुढे काय झालं, ते नीट ऐकण्यासारखं आहे. पेगीने हे गाणं इंग्लंडमध्ये नेलं, तिथे ते लोकांना आवडलं आणि दोघा गृहस्थांनी ते स्वतःच्या नावावर नोंदवलं. १९५७ साली त्याची रेकॉर्ड तिकडे खूप खपली. रचणारी बाई तेव्हा वॉशिंग्टनमध्ये लोकांच्या घरी राबत होती. पुढे सीगर कुटुंबाच्या मदतीने तिला हक्क परत मिळवावा लागला. तरीही बऱ्याच रेकॉर्डवर दुसऱ्यांचीच नावं छापली गेली.

लिबाआजी म्हातारपणी देशभर फिरून वाजवत राहिली. नव्वदीच्या घरात तिला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. १९८७ साली ती गेली.

आमच्या रेडिओवर कुणी ओवी किंवा भजन म्हणायला आलं, की आम्ही आधी नाव, गाव आणि गाणं कुणी रचलं ते विचारतो आणि वहीत लिहितो. पुष्कळ जणी म्हणतात, “नाव कशाला ताई, गाणं घ्या की.” यापुढे असं कुणी म्हटलं, तर आम्ही तिला लिबाआजीची गोष्ट सांगणार आहोत. आणि मग पुन्हा नाव विचारणार आहोत.