नोकियाच्या पलीकडचा फिनलंड

आपल्यापैकी पुष्कळांचा पहिला मोबाईल नोकियाचा. नावावरून कंपनी जपानी वाटायची. प्रत्यक्षात ती फिनलंडची, आणि १८६५ साली तिची सुरुवात झाली ती कागदाच्या लगद्याच्या गिरणीपासून. पण आम्हाला कुतूहल आहे ते नोकियापेक्षा तिच्या देशाचे. फिनलंडची लोकसंख्या जेमतेम ५६ लाख. एकट्या पुणे जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत ९४ लाख माणसे मोजली गेली. एवढ्याशा देशातून जगाच्या रोजच्या वापरातल्या इतक्या गोष्टी निघाल्या कशा?

१९८८ साली उत्तरेकडच्या ओउलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेनने आयआरसी ही इंटरनेटवर अनेकांनी मिळून गप्पा मारण्याची सोय तयार केली. आजच्या व्हॉट्सअॅप ग्रुपची ती चुलत आजीच म्हणा. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातल्या २१ वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्सने हप्त्यांवर घेतलेल्या संगणकासाठी स्वतःच ऑपरेटिंग सिस्टिम लिहायला घेतली. त्याच्या मनात नाव होते ‘फ्रीक्स’. ज्या मित्राने ती सर्वांना मिळावी म्हणून सर्व्हरवर ठेवली, त्याला ते पसंत पडेना. त्याने परस्पर ‘लिनक्स’ लिहून टाकले! १९९२ मध्ये ती खुल्या परवान्याखाली आली: कोणीही घ्या, बदला, पण बदललेली प्रत दुसऱ्याला दिलीत तर तीही तशीच खुली द्या. आज प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्स आहे.

१९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्डची चोरी झाली. तेव्हा तिथल्या तातू युलोनेनने दूरच्या संगणकाशी सुरक्षित बोलण्यासाठी एसएसएच लिहिले आणि त्याच वर्षी फुकट वाटले. आपल्या मंडळातले सॉफ्टवेअरवाले ते रोज वापरतात.

तिघेही सरकारी पैशावर चालणाऱ्या विद्यापीठांतले. शिकायला फी नाही, नेटवर्क हाताशी, आणि पदवीची घाईही नाही. टोरवाल्ड्सने १९८८ मध्ये प्रवेश घेतला, मध्ये काही महिने सैन्यात काढले आणि एम.एससी. पुरी केली ती १९९७ मध्ये. आपल्यातल्या किती आईबापांनी हे सहन केले असते, ते आम्ही विचारत नाही.

हे सारे सुबत्तेत घडले म्हणावे, तर तसेही नाही. १९९१ मध्ये सोव्हिएत युनियन कोसळले, तिकडचा व्यापार बुडाला, बँका अडचणीत आल्या. १९९४ च्या सुमारास बेकारी १६ टक्क्यांवर गेली होती. सगळीकडे काटकसर चालू असताना १९८३ साली स्थापन झालेल्या टेकेस या सरकारी संस्थेमार्फत कंपन्यांना आणि विद्यापीठांना संशोधनासाठी पैसा मिळतच राहिला. १९९६ मध्ये तर सरकारी कंपन्यांचे शेअर विकून हा निधी वाढवायचे ठरले. देशाच्या उत्पन्नापैकी दोन टक्क्यांच्या आसपास असलेला संशोधनावरचा खर्च १९९९ पर्यंत तीन टक्क्यांपुढे गेला. यात नोकियाचा स्वतःचा खर्चही मोठा होता, हे खरे.

पुढे स्मार्टफोनच्या शर्यतीत नोकिया मागे पडली. सालो गावातला कारखाना २०१२ मध्ये बंद झाला. २०१४ मध्ये फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टकडे गेला. काढलेल्या माणसांना नोकियाने नवा धंदा सुरू करायला पैसे दिले, त्यातून शेकडो छोट्या कंपन्या निघाल्या. सालोच्या पन्नाशीतल्या कामगाराला त्याचा किती आधार वाटला असेल, अशी शंका आम्हाला येते. सरकारनेही या पडत्या काळात विद्यापीठांना कात्री लावली.  आमच्या मते हे फार वाईट झाले. २००९ मध्ये ३.७ टक्के असलेला संशोधनखर्च २०१६ पर्यंत सुमारे २.७ वर आला. अखेर २०२२ मध्ये कायदा झाला: २०३० पर्यंत चार टक्के गाठायचे, आणि त्यासाठी सरकारने आपला वाटा वाढवत न्यायचा.

बारावीतल्या मुलांच्या पालकांसाठी एक माहिती. इंग्रजीतून शिकणाऱ्या, युरोपियन युनियनबाहेरच्या बहुतेक विद्यार्थ्यांना २०१७ पासून फिनलंडमध्ये फी भरावी लागते. फिनिश किंवा स्वीडिशमधून शिकल्यास ती लागत नाही. मात्र फिनिशमध्ये विभक्ती पंधरा आहेत, आणि आपल्या मुलांना मराठीच्या आठ शिकवतानाच आमची दमछाक होते.