यंत्राशेजारची जागा

बीड जिल्ह्यात मुलाच्या करिअरची चर्चा निघाली की ती दोन टोकांना जाते. एक टोक पुण्याचं: हिंजवडी, लॅपटॉप, पॅकेज. दुसरं टोक भरतीचं: पोलीस, तलाठी, एमपीएससी. या दोन्हींच्या मधे गेल्या काही वर्षांत बरंच नवं काम उभं राहिलंय, पण घरात त्याचं नाव कुणी काढत नाही. दहावी-बारावीचा निकाल लागल्यावर सल्ला द्यायला जमलेले काका-मामा बहुतेकदा पंधरा वर्षांपूर्वीचं जग डोळ्यापुढे ठेवून बोलतात. त्या सल्ल्यांतून पक्के झालेले काही समज इथे तपासू. सुरुवात उसापासून, कारण तंत्रज्ञान या जिल्ह्यात सगळ्यात जास्त लोकांच्या पोटापर्यंत पोचतंय ते उसाच्या फडात.

‘हार्वेस्टर आलं, आता कोयता संपला’

कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात. असा एक कोयता दिवसभरात साधारण दोन टन ऊस तोडतो, मोळ्या बांधतो, गाडी भरतो. जानेवारी २०२४ च्या करारात तोडणीचा दर टनाला २७३ रुपयांवरून ३६६ रुपये झाला, म्हणजे ३४ टक्के वाढला. हार्वेस्टर एका दिवसात शंभर टनांच्या पुढे जातं. राज्य सरकारने २०२३ मध्ये अशा ९०० यंत्रांसाठी अनुदान योजना आणली: किमतीच्या ४० टक्के, जास्तीत जास्त ३५ लाख रुपये. वारं कोणत्या दिशेने वाहतंय हे यावरून कळतं.

तरीही कोयता एका हंगामात संपणार नाही. यंत्राला रुंद सरी लागते, सलग मोठा प्लॉट लागतो, वळायला बांधाकडेला जागा लागते. तुकड्या-तुकड्यांची शेती, पडलेला ऊस, ओली जमीन असेल तर मुकादमाला तोडणी कामगारांची टोळीच बोलवावी लागते. म्हणजे बदल होणार, पण टप्प्याटप्प्याने. या मधल्या वर्षांचं काय करायचं, हा खरा प्रश्न आहे.

त्याचं उत्तर यंत्राच्या जवळ जाऊन पाहिलं की सापडतं. पुढे टॉपर वाढं उडवतो, खाली दोन फिरत्या चकत्या बुंध्याशी ऊस कापतात, आत वीतभर तुकडे होतात, पंखा पाचट बाहेर फेकतो आणि तुकडे शेजारून चालणाऱ्या ट्रॉलीत पडतात. यंत्र रात्रीही चालतं, म्हणून ऑपरेटर पाळीने लागतो. ट्रॉलीचा ड्रायव्हर यंत्राशी वेग जुळवून चालवणारा लागतो. आणि हायड्रॉलिकचा पाइप फुटला, की सगळं जागच्या जागी थांबतं. मालकाच्या डोक्यावर कर्जाचा हप्ता असतो, तिकडे कारखाना ऊस मागत असतो. तेव्हा तासाभरात येऊन पाइप बदलणारा, प्रेशर तपासणारा माणूस हवा असतो. डिझेल मेकॅनिक, ट्रॅक्टर मेकॅनिक किंवा फिटर झालेला केज-धारूरचा मुलगा हे काम शिकू शकतो. ज्या फडाची त्याला लहानपणापासून माहिती आहे, त्याच फडात.

एक गोष्ट मात्र हिशेबात कुणी धरत नाही. यंत्रावर जागा मिळते ती एका पुरुषाला. त्याच्या बायकोचा अर्धा कोयता यंत्र काढून घेतं आणि तिला बदल्यात काही देत नाही. वाढं विकून तिच्या हातात सुटणारे चार पैसेही जातात. तोडणीच्या यांत्रिकीकरणाचं धोरण आखणाऱ्यांनी या बाईचं प्रशिक्षण आधी आखायला हवं होतं, असं मला ठामपणे वाटतं.

‘एआय सगळ्या नोकऱ्या खाणार’

जागतिक आर्थिक मंचाचा २०२५ चा रोजगारविषयक अहवाल वेगळं सांगतो. २०३० पर्यंत जगात सुमारे ९ कोटी २० लाख नोकऱ्या जातील आणि १७ कोटी नव्या तयार होतील, असा त्याचा अंदाज आहे. संख्येने सर्वाधिक वाढणाऱ्या कामांत शेतीत काम करणारे, डिलिव्हरी करणारे, बांधकाम कामगार आणि सॉफ्टवेअर तयार करणारे एकाच यादीत आहेत. घटणाऱ्या कामांत डेटा एन्ट्री, कॅशिअर, बँकेतला खिडकीवरचा कारकून अशी कामं आहेत.

यातली दुसरी यादी तालुक्याच्या गावांत मोठ्याने वाचून दाखवायला हवी. कारण शेतकरी बाप मुलीला ‘बसून करायचं सुरक्षित काम’ म्हणून ज्याच्यासाठी पैसे भरतो, ते नेमकं डेटा एन्ट्रीचं काम आहे. समोरचा कागद जसाच्या तसा संगणकात भरणं हे यंत्राला सगळ्यात सोपं जातं. भरलेली माहिती चुकीची आहे हे ओळखणारा, जीएसटीचं विवरण समजून भरणारा, साठ्याचा आणि बिलाचा मेळ घालणारा माणूस अजून लागतो.

शेतीतही हेच. बारामतीच्या कृषी विकास ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या सहकार्याने उसात एआय वापरण्याचा प्रयोग केला. उपग्रहाची चित्रं, हवामान केंद्र आणि मातीतले सेन्सर यांवरून पाणी-खताचा सल्ला मोबाइलवर मिळतो. जून २०२५ मध्ये राज्याने कृषी-एआय धोरणही मंजूर केलं. पण सेन्सर शेतात पुरावा लागतो, उंदराने वायर कुरतडली तर जोडावी लागते, आणि ‘आज पाणी देऊ नका’ हा सल्ला माजलगावच्या कालव्याची पाळी आजच असलेल्या शेतकऱ्याला पटवून द्यावा लागतो. हे कृषी पदविका झालेल्या गावातल्या पोराचं काम आहे.

‘आयटीआय म्हणजे नापासांची शाळा’

या समजाने जिल्ह्याचं फार नुकसान केलंय. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केलेल्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. पदविका झाली की अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. म्हणजे वाट बंद होत नाही, आणि चालता चालता पोटापुरतं कामही हातात राहतं. शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ पासून आहे. आयटीआयनंतर कारखान्यात विद्यावेतन घेऊन वर्षभर काम शिकता येतं.

जिल्ह्यातच पाहा. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकरी दहा टक्के रक्कम भरतो, अनुसूचित जाती-जमातीचा शेतकरी पाच टक्के. पंप बसवणाऱ्या कंपनीवर पाच वर्षं देखभालीची जबाबदारी असते. पंप बंद पडला की कंट्रोलरच्या छोट्या पडद्यावर बिघाडाचा आकडा येतो. तो वाचणारा, पॅनेलकडून व्होल्टेज येतंय का हे मीटर लावून पाहणारा आणि मोटर जळाली आहे की फक्त जोड सैल झालाय हे सांगणारा माणूस पंचक्रोशीत नसेल, तर ऐन ज्वारीच्या पाण्याला शेतकरी आठ-आठ दिवस तक्रार क्रमांकावर फोन लावत बसतो. केंद्राचा ‘सूर्यमित्र’ हा सौर तंत्रज्ञ घडवणारा अभ्यासक्रम २०१५ पासून आहे. इलेक्ट्रिशियनला तो पुढची पायरी म्हणून करता येतो. पवनचक्क्यांच्या देखभालीलाही इलेक्ट्रिशियन, फिटर लागतात, उंचीवर चढण्याचं वेगळं प्रशिक्षण घेतलेले.

इथे एक कटू गोष्ट लिहायलाच हवी. मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची डिसेंबर २०२४ मध्ये हत्या झाली. पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीशी हा गुन्हा जोडलेला असल्याचं तपास यंत्रणेने आरोपपत्रात म्हटलं आहे. खटल्याचा निकाल न्यायालय देईल. पण उद्योग येणार की नाही हे प्रशिक्षण केंद्रांइतकंच या जिल्ह्यातल्या कायद्याच्या धाकावर ठरणार आहे, आणि त्याची किंमत नोकरी शोधणारी पोरं मोजत आहेत.

‘भरतीशिवाय पक्कं काही नाही’

२०२४ ची पोलीस भरती १७,४७१ पदांची होती आणि अर्ज आले १७ लाखांहून अधिक. शंभरातल्या एकाला वर्दी मिळते. उरलेल्या नव्व्याण्णवांत पहाटे चारला उठून डांबरी रस्त्यावर धावणारी आपलीच पोरं असतात. त्यांच्या कष्टाला नावं ठेवायचा अधिकार कुणाला नाही. माझं म्हणणं इतकंच, की भरती आणि हातातलं कौशल्य यांतलं एकच निवडायचं असतं हा समज चुकीचा आहे. महावितरणने डिसेंबर २०२३ मध्ये विद्युत सहायकांच्या ५,३४७ जागा काढल्या. त्यांना इलेक्ट्रिशियन किंवा वायरमनचा आयटीआय लागत होता. रेल्वेच्या सहायक लोको पायलटच्या जागांनाही आयटीआय चालतो. नुसती पदवी घेऊन तयारी करणारा या रांगांत उभाच राहू शकत नाही.

तयारीला मुदत घालावी. किती प्रयत्न करायचे आणि त्यानंतर काय, हे घरातल्यांबरोबर आधीच ठरवून घ्यावं. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावीवाल्याला महिना सहा हजार, आयटीआय-पदविकावाल्याला आठ आणि पदवीधराला दहा हजार विद्यावेतन ठरलं. ते प्रशिक्षण आहे, कायम नोकरी नव्हे. कामाचा अनुभव म्हणून ते चांगलं, त्यावर संसार मांडू नये.

‘दादासाहेब भगत कुठे शिकले होते?’

आष्टी तालुक्यातले दादासाहेब भगत इन्फोसिसमध्ये ऑफिसबॉयचं काम करत होते, पुढे त्यांनी डिझाईनचं सॉफ्टवेअर काढलं. टाळेबंदीत गावी येऊन, नेटवर्क मिळतं म्हणून माळावर गोठ्यासारख्या शेडमध्ये ऑफिस थाटलं. २०२४ मध्ये ‘शार्क टँक इंडिया’त अमन गुप्ता यांनी त्यांच्या डूग्राफिक्स कंपनीत एक कोटी रुपये गुंतवायची तयारी दाखवली. हे ऐकून पोरं म्हणतात, शिक्षणाची काय गरज? पण भगत यांची खरी गोष्ट शिकण्याचीच आहे. दिवसा नोकरी करून ते डिझाईन आणि ॲनिमेशन शिकले, मग प्रोग्रामिंग शिकले. ते २००९ च्या सुमारास पुण्याला गेले. कार्यक्रमात झळकेपर्यंत मधे जवळजवळ पंधरा वर्षं गेली. यूट्यूबच्या तीन मिनिटांच्या व्हिडिओत ती पंधरा वर्षं दिसत नाहीत.

याच ओघात एमएस-सीआयटीचंही सांगतो. सरकारी पदांसाठी ते प्रमाणपत्र लागतं, ते करावंच. पण संगणकाशी ती तोंडओळख आहे. मुलाखतीत एक्सेलची शीट उघडून ‘गावनिहाय बेरीज काढून दाखव’ म्हटल्यावर हात थरथरतो, तो सराव नसल्यामुळे. इंग्रजीबाबतही थोडं असंच. जेईई मेन २०२१ पासून मराठीतही देता येते, एआयला मराठीत प्रश्न विचारता येतो. मात्र यंत्रावरच्या सूचना, बिघाडाचे संदेश, सुट्या भागांची यादी इंग्रजीतच असते. फाडफाड बोलणं नाही जमलं तरी चालेल; आपल्या ट्रेडचं इंग्रजी वाचता आलं पाहिजे.

‘थोडे पैसे भरले की काम होतं’

नोकरी देणारा उमेदवाराकडून नोंदणी, लॅपटॉप किंवा गणवेशाची अनामत मागत नाही. टेलिग्रामवर ‘लाइक करा, कमवा’ म्हणणारे आधी दोनशे रुपये देतात, मग वीस हजार नेतात. फसलात तर लाजून गप्प बसू नका. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन केला तर पैसे गोठवले जाण्याची शक्यता असते. थायलंडमध्ये डेटा एन्ट्रीची नोकरी म्हणून नेलेल्या तरुणांना म्यानमारमध्ये कोंडून सायबर फसवणुकीला जुंपल्याचे प्रकार उघड झाले आहेत.

‘पैसा नाही, म्हणून पोरीचं शिक्षण थांबलं’

२०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क राज्यात पूर्ण माफ आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आहे. अडतं ते बहुतेकदा कागदावर. दिवाळीच्या तोंडावर आई-बाप टोळीबरोबर जातात आणि शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचे असतात त्याच महिन्यांत. मुलीच्या आधारला जोडलेला नंबर बापाचा असतो, बाप बेळगावकडच्या एखाद्या फडात असतो, ओटीपी तिकडे जातो आणि अर्ज इकडे महा-ई-सेवा केंद्रात अडकतो. म्हणून गाड्या भरण्याआधीच मुलीचा स्वतःचा नंबर आधारला जोडून घ्यावा, बँक खातंही आधारशी संलग्न आहे का ते पाहावं. आणि उत्पन्नाचा, जातीचा, नॉन-क्रिमीलेअरचा दाखला काढून त्यांच्या दोन-दोन प्रती तिच्याच पेटीत ठेवाव्यात.